दाढ दुधाची, दुखणं खरं

"दुधाचा दात हाय, पडंल की." कोल्हापुरात लहान मुलाची दाढ किडली की घरातल्या थोरांचा हा निकाल ठरलेला असतो. त्यामागे मायाच असते. जो दात उद्या पडणारच आहे, त्यासाठी लेकराला खुर्चीत बसवून रडवायचं कशाला? फक्त त्यात हिशेब चुकतो. पुढचे दुधाचे दात सहाव्या-सातव्या वर्षी पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीच्या किडलेल्या दाढेची पडण्याची वाट पाहायची, तर ती पाच-सहा वर्षं पाहावी लागते. कीड तेवढं थांबत नाही. एका रात्री दोन वाजता पोरगी गाल धरून उठते, आणि मग घरातलं कुणीच झोपत नाही.

हे एका-दोघांच्या घरातलं नाही. भारतीय दंत परिषदेने २००२-०३ मध्ये देशभर जी मौखिक आरोग्य पाहणी केली, तिच्यात पाच वर्षांच्या ५१.९ टक्के मुलांचे दात किडलेले आढळले. बारा वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५३.८ टक्के होतं. शिशुवर्गातली दहा मुलं रांगेत उभी केली तर त्यातल्या पाचजणांच्या तोंडात कीड, असा त्याचा अर्थ.

कोल्हापूर तर गुळाचं गाव. इथे गूळ-चपाती, काकवी हा पोराला ताकद देणारा खाऊ मानतात, आणि साखरेपेक्षा गूळ बरा असं सर्रास सांगितलं जातं. दातावरच्या जंतूंना हा फरक कळत नाही. गुळातही मुख्यतः तीच साखर असते, शिवाय तो चिकट असतो. सकाळी चहात बुडवून खारी किंवा बटर, दुपारी चॉकलेट, रात्री साखर घातलेल्या दुधाची बाटली तोंडात ठेवूनच झोप: दिवसातून जितक्या वेळा गोड, तितक्या वेळा दातावर आम्ल. म्हणून किती खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे मोजावं.

पण हा लेख कीड लागल्यानंतरचा आहे. दवाखान्यात गेल्यावर पालकांना एकदम बरेच शब्द ऐकू येतात: सिमेंट, कॅप, रूट कॅनल, काढून टाकू, गॅस, भूल. त्यातून निवडायचं कसं? बहुतेक आईवडील आधी दाताचा उपचार ठरवतात आणि दुखण्याचं काय, हे डॉक्टरांवर सोडतात. हे उलटं आहे. मुलांच्या बाबतीत उपचार आणि वेदनाशमन एकत्रच ठरवावे लागतात. काही उपचारांत सुईच लागत नाही, काही सुईशिवाय करणं हा मुलावर अन्याय ठरतो, आणि काही मुलांना सुई देऊनही ते जमत नाही. पहिल्या भेटीतच दोन प्रश्न जोडीने विचारावेत: दाढेला काय करणार, आणि ते करताना पोराला दुखू नये म्हणून काय करणार?

त्याआधी घरी थोडं निरीक्षण करावं. डॉक्टरांना सगळ्यात उपयोगी पडणारी माहिती आईकडे असते. थंड किंवा गोड लागल्यावर कळ येते आणि लगेच जाते का? तसं असेल तर दाढेच्या आतली नस बहुधा अजून शाबूत आहे. काही न खातापिताही दुखतं, रात्री झोपेतून उठवतं, बराच वेळ थांबत नाही, असं असेल तर कीड नसेपर्यंत पोचून नस सुजलेली असते आणि ती पूर्ववत होण्याची शक्यता कमी. तिसरी खूण पुष्कळांच्या नजरेतून सुटते. दाढेजवळ हिरडीवर बारीक पुटकुळी दिसते, कधी फुटते, कधी भरते, आणि दुखणं मात्र थांबलेलं असतं. दुखायचं थांबलं म्हणून घरात सगळे निश्चिंत होतात, पण नस मेलेली असते आणि मुळाशी पू झालेला असतो.

पहिल्या टप्प्यात आलेल्या मुलासाठी आज असे उपचार आहेत, जे पंधरा-वीस वर्षांपूर्वी फारसे कुणाला ठाऊक नव्हते.

त्यातला सगळ्यात सोपा म्हणजे सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. चांदी आणि फ्लोराइड असलेला हा द्रव जपानमध्ये १९७० च्या सुमारास दातांसाठी वापरात आला. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याला जागा दिली. फ्लोराइडची टूथपेस्ट आणि ग्लास आयोनोमर सिमेंटही त्याच वर्षी त्या यादीत आलं. करायचं इतकंच: दात कोरडा करायचा, बारीक ब्रशने थेंबभर द्रव किडीवर लावायचा, मिनिटभर थांबायचं. ड्रिल नाही, सुई नाही. चांदी जंतू मारते, फ्लोराइड दात कडक करतं आणि बहुतेक दातांत कीड जागच्या जागी थांबते. सहसा सहा महिन्यांनी पुन्हा लावावं लागतं. त्याची किंमत रंगात मोजावी लागते, कारण किडलेला भाग कायमचा काळा होतो. मागच्या दाढेत ते कुणाला दिसत नाही, समोरच्या दातात हसताना दिसतं. हे आधी सांगितलं नाही तर घरी गेल्यावर आज्जी विचारते, "दात जाळला काय?" म्हणून डॉक्टरांकडून आधी फोटो पाहून घ्यावेत आणि मगच हो म्हणावं. चांदीची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलाला हे लावत नाहीत. रात्री ठणकणाऱ्या किंवा पू झालेल्या दाढेवरही त्याचा उपयोग नाही.

दुसरा उपचार स्कॉटलंडमधला. नॉर्ना हॉल नावाच्या, साधी प्रॅक्टिस करणाऱ्या एक दंतवैद्य १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून एक वेगळीच गोष्ट करत होत्या. किडलेल्या दुधाच्या दाढेतली कीड न कोरता, सुई न देता, दाढ न घासता त्या तयार स्टीलची कॅप सिमेंट भरून वरून बसवायच्या. कीड आत कोंडली जाते, जंतूंना वरून साखर मिळत नाही, ते थंडावतात. पुस्तकात शिकवलं होतं त्याच्या हे थेट विरुद्ध होतं, त्यामुळे सुरुवातीला पुष्कळांनी मान हलवली. मग टेसाइड भागात १३२ मुलांवर रीतसर चाचणी झाली. प्रत्येक मुलाच्या एका दाढेला हॉल पद्धत, दुसरीला नेहमीचं सिमेंट. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हा नसेला सूज येणं, पू होणं यासारखे मोठे बिघाड हॉलच्या कॅपमध्ये ३ टक्के होते आणि नेहमीच्या भरणात १६.५ टक्के. शिवाय ७७ टक्के मुलांनी स्वतः कॅपचीच पद्धत बरी म्हणून सांगितलं. मुलांचं मत विचारलं गेलं, हे या चाचणीत फार मोलाचं.

प्रत्यक्षात ते असं होतं. दोन दाढा चिकटून असतील तर तीन-चार दिवस आधी त्यांच्यात निळं किंवा हिरवं छोटं रबर अडकवतात, म्हणजे जागा होते. कॅप बसवायच्या दिवशी मूल सरळ बसतं, कारण आडवं असताना कॅप घशात जायची भीती असते. डॉक्टर मापाच्या दोन-तीन कॅप लावून बघतात, मग सिमेंट भरून कॅप दाढेवर ठेवतात आणि म्हणतात, "आता जोरात चाव." मूल कापसाचा बोळा चावतं, टक् आवाज होतो, कॅप बसते. कडेने आलेलं सिमेंट आंबट-कडू लागतं, त्याची चव बहुतेकांना आवडत नाही. हिरडी थोडी पांढुरकी दिसते आणि दिवसभर चुरचुरते. चावताना काही दिवस ती दाढ उंच लागते, दोन्ही बाजूंचे दात नीट भिडत नाहीत. ते काही आठवड्यांत आपोआप जुळतं. हे आधी माहीत असेल तर दुसऱ्या दिवशी घाबरून फोन करावा लागत नाही. रंग चांदीसारखा. पांढरी झिरकोनियाची कॅपही मिळते, पण तिच्यासाठी दाढ बरीच घासावी लागते आणि त्यामुळे सुई लागते. पालकांना पांढरी हवी असते, आणि पोराला बिनसुईची. मागच्या दाढेबाबत तरी या लेखाचं मत पोराच्या बाजूने आहे.

नेहमीचं सिमेंट भरणं अजूनही उपयोगाचं आहेच, विशेषतः छोट्या खड्ड्यासाठी. ड्रिलच्या आवाजाला घाबरणाऱ्या मुलात हाताच्या अवजाराने मऊ कीड खरवडून ग्लास आयोनोमर भरता येतं. १९८० च्या दशकात टांझानियात, वीज नसलेल्या ठिकाणी काम करण्यासाठी ही पद्धत घडवली गेली. मात्र दोन दाढांमधल्या फटीतल्या मोठ्या खड्ड्यात असं भरण लवकर निघतं.

नस सुजली असेल तर बिनसुईचा रस्ता संपतो. मग दाढेच्या डोक्यातली सुजलेली नस काढून मुळातली चांगली नस औषधाखाली झाकतात. किंवा मुळापर्यंत साफ करून पेस्ट भरतात. यालाच दवाखान्यात 'दुधाच्या दाताचं रूट कॅनल' म्हणतात. "दुधाच्या दातालाही रूट कॅनल?" हा प्रश्न पालक हमखास विचारतात, आणि पैसे काढायचा धंदा आहे असाही संशय घेतात. मोठ्यांच्या रूट कॅनलमध्ये आणि यात एक फरक आहे. इथे भरलेली पेस्ट विरघळणारी असते. खालचा पक्का दात वर येताना दुधाच्या दाताचं मूळ झिजत जातं, त्याबरोबर पेस्टही जाते. दाढ पडायला जेमतेम वर्ष उरलं असेल, किंवा मूळ आधीच झिजलं असेल, तर काढून टाकणंच शहाणपणाचं. पण पाचव्या वर्षी शेवटची दुधाची दाढ काढली आणि जागा राखणारी तार बसवली नाही, तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ त्या रिकाम्या जागेत पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताला वाट राहत नाही. ही सहा वर्षांची दाढ कुठलाही दात न पडता, सगळ्यांच्या मागे गुपचूप येते. पुष्कळ घरांत तिलाही दुधाचीच समजतात आणि किडू देतात. तिच्या जागी पुन्हा दुसरी दाढ येत नाही.

यातला कुठलाही उपचार रामबाण नाही. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधल्या ७२ दवाखान्यांत ३ ते ७ वर्षांच्या १,१४४ मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. कीड असलेल्या पण अजून न दुखणाऱ्या मुलांचे तीन गट केले: एकाला सुई देऊन कोरून भरणं, दुसऱ्याला कीड कोंडणाऱ्या पद्धती, तिसऱ्याला फक्त प्रतिबंध. सुमारे तीन वर्षांत दुखणं किंवा पू यांचं प्रमाण तिन्ही गटांत ४० ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान राहिलं, फरक नगण्य. यातून पालकांनी दोन गोष्टी घ्याव्यात. एक, कुणी एकाच पद्धतीची शंभर टक्के हमी देत असेल तर सावध व्हावं. दुसरं, परिणाम जवळपास सारखा असेल तर ज्यात मुलाला कमी सोसावं लागतं ती पद्धत आधी मागावी.

आता सुईबद्दल. मुलाला भीती तिचीच असते, आणि खरं तर त्याला दुखण्यापासून वाचवणारीही तीच. दातांच्या दवाखान्यात साधारणपणे लिग्नोकेन वापरतात. हे औषध स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी १९४३ मध्ये बनवलं आणि आजही जगभर तेच पहिलं. सुई चांगली देणं ही कला आहे. आधी हिरडी कापसाने पुसून कोरडी करायची, बधिर करणारं जेल लावायचं आणि मिनिटभर खरंच थांबायचं. घाईत जेल लावून लगेच टोचलं तर जेलचा उपयोग शून्य. मग औषध अगदी हळू सोडायचं. दुखतं ते टोचण्याने कमी आणि जोरात ढकललेल्या औषधाच्या दाबाने जास्त. दोन वर्षांखालील बाळाला दात येताना बेन्झोकेनचं जेल हिरडीवर चोळू नये; रक्ताची प्राणवायू वाहायची क्षमता घटण्याच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये त्याविरुद्ध इशारा दिला.

औषधाचं प्रमाण मुलाच्या वजनावर ठरतं. बालदंतवैद्यकात लिग्नोकेनची कमाल मर्यादा दर किलोला ४.४ मिलिग्रॅम धरतात. २ टक्के द्रावणाच्या एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम असतं. म्हणजे १५ किलोच्या मुलाला जास्तीत जास्त सव्वातीन मिलिलिटरच्या आसपास. हा हिशेब पालकांनी करायचा नाही, पण मुलाचं वजन कुणी विचारलं का, याकडे लक्ष ठेवायचं. "एकाच दिवसात चारही बाजूंच्या दाढा उरकून टाका" असा आग्रह धरू नये, तोही याचसाठी.

सुई दिली तरी दुखतंय, असं मूल सांगत असेल तर ते बहुधा खरं सांगत असतं. पू झालेल्या जागी ऊतक आम्लधर्मी होतं आणि बधिरतेचं औषध नीट शिरत नाही. "दाबतंय, दुखत नाही" असं म्हणून त्याला गप्प करणं चूक. आधीच खूण ठरवावी: दुखलं तर डावा हात वर. आणि हात वर झाला की डॉक्टरांनी खरोखर थांबलं पाहिजे. मुलाने एकदा हात वर केला, डॉक्टर थांबले, हे त्याला दिसलं की निम्मी भीती तिथेच जाते.

गॅसचं नाव ऐकून पालक दचकतात, पण त्याची सुरुवातच दाताच्या खुर्चीत झाली. अमेरिकेतल्या हार्टफर्ड गावी होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने ११ डिसेंबर १८४४ रोजी नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचीच दाढ काढून घेतली. आज मुलाच्या नाकावर छोटा मास्क ठेवून हा वायू प्राणवायूबरोबर मिसळून देतात. मूल जागं असतं, बोलतं, फक्त सैलावतं. काम संपल्यावर काही मिनिटं नुसता प्राणवायू देतात आणि मूल चालत घरी जातं. चार-पाच वर्षांच्या पुढचं, सांगितलेलं ऐकणारं पण घाबरणारं मूल, हे त्याचं योग्य गिऱ्हाईक. सर्दीने नाक चोंदलं असेल तर गॅस आत जातच नाही, त्यामुळे तारीख पुढे ढकलावी.

गुंगी आली म्हणजे दुखणं बंद झालं, असं मात्र नाही. गॅसने दुखणं थोडं कमी होतं. पिण्याच्या मिडाझोलमसारख्या गुंगीच्या औषधाने तर जवळपास नाहीच. नसेचं काम करायचं असेल तर गुंगीबरोबर सुईही लागतेच. आणि गुंगी खोल जाऊ शकते. म्हणून गॅसपलीकडची कुठलीही गुंगी देणार असतील तर विचारावं: मुलाच्या श्वासावर आणि नाडीवर लक्ष ठेवायला दुसरं प्रशिक्षित माणूस असेल का? बोटाला पल्स ऑक्सिमीटर, खोलीत प्राणवायू, आणि वेळ आली तर श्वास सांभाळणारा भूलतज्ज्ञ आहे का? एकच डॉक्टर दातही करतोय आणि गुंगीही सांभाळतोय, हे चालवून घेऊ नये.

काही मुलांना पूर्ण भूलच योग्य. अडीच-तीन वर्षांचं लेकरू, आठ-दहा दात किडलेले. किंवा स्वमग्न, मतिमंद, हृदयविकार असलेलं मूल. रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहात भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सगळं तोंड एका बैठकीत होतं. मेंदूवर परिणाम होईल का, हा पालकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो रास्त आहे. तीन वर्षांखालील मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये इशारा दिला होता. तान्ह्या वयात तासाभराहून कमी भूल मिळालेल्या मुलांचा पाचव्या वर्षापर्यंत पाठपुरावा करणाऱ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मात्र, २०१९ च्या निकालानुसार, बुद्धीत फरक दिसला नाही. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा भूल देण्यापेक्षा एकदाच सगळं उरकेल असा आराखडा मागावा.

पूर्ण भुलीच्या सकाळी एक गोष्ट हमखास बिघडते. नियम असा: साधं पाणी दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास. पोर उपाशी आहे म्हणून घरातलं कुणीतरी मायेने दोन घोट चहा आणि एक बिस्किट देतं. दुधाचा चहा म्हणजे पाणी नव्हे. भुलीत तो पोटातून वर येऊन फुफ्फुसात गेला तर जिवावर बेततं. चुकून दिलं असेल तर भूलतज्ज्ञांना स्पष्ट सांगावं; त्या दिवशीचं काम रद्द होईल, पण रागावणार कुणी नाही.

राहिला तो सगळ्यात जुना उपाय: चौघांनी धरायचं आणि उरकायचं. रक्तस्राव होतोय, सूज पसरतेय अशा वेळी क्षणभर हात धरावा लागतो, हे समजण्यासारखं आहे. पण न दुखणारी दाढ भरण्यासाठी हातपाय आवळून ठेवणं हा उपचार नाही. अशी धरून केलेली एक दाढ पोराला पुढची कित्येक वर्षं दवाखान्यापासून दूर ठेवते. डॉक्टरांनी "आज जमत नाही, आज फक्त औषध लावू, पुढच्या आठवड्यात बघू" म्हटलं तर ते कौशल्य समजावं. 'सांगा, दाखवा, करा' ही पद्धत अ‍ॅडलस्टन यांनी १९५९ मध्ये मांडली आणि तिला अजून तोड नाही: ब्रश आधी मुलाच्या नखावर फिरवून दाखवायचा, मग दातावर.

यात घरचा वाटाही मोठा. "गप जेव, न्हाईतर डॉक्टर सुई मारंल" ही धमकी ज्या पोराने दोन वर्षं ऐकली, ते खुर्ची बघताच रडणार. तसंच "काही दुखणार नाही" असं खोटं वचन देऊ नये. "हिरडी थोडी झोपवणार, चिमटा आल्यासारखं वाटेल" एवढं पुरे.

जायचं कुठे? मुलांच्या दातांचं तीन वर्षांचं एमडीएस केलेले डॉक्टर आता कोल्हापुरात आहेत. पाटीवरची पदवी आणि राज्य दंत परिषदेची नोंदणी पाहावी. खर्च झेपत नसेल तर वाठारवरून वारणानगरकडे जाताना लागणाऱ्या नवे पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयाचा विचार करावा. दंत महाविद्यालयांत बालदंत विभाग असतो आणि शुल्क खाजगीपेक्षा सहसा कमी. बदल्यात वेळ जास्त जातो, कारण विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक तपासतात. गाल सुजून डोळ्याकडे चाललाय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, असं असेल तर सकाळची वाट पाहू नये. थेट कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठावं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातच, पालघरमधून सुरू झाला. त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतल्यांची एकदा तपासणी असते, आणि ज्या आजारांची नोंद घ्यायची त्यांत दातांचे आजारही आहेत. तपासणी करणाऱ्या पथकाने दिलेली चिठ्ठी दप्तरात चुरगळून राहते. ती मागून घ्यावी. हंगामात बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचा विचार इथे व्हायलाच हवा. चार-पाच महिने फडाजवळच्या खोपीत राहून ती परत जातात. तीन फेऱ्यांचा उपचार त्यांच्या आयुष्यात बसत नाही. ब्रशने लावायचा द्रव आणि हाताने भरायचं सिमेंट बसतं. गावातल्या शिक्षकांनी आणि आशाताईंनी ही मुलं तपासणीत धरली जातील एवढं पाहिलं तरी पुष्कळ रात्री निभतील.

दवाखान्यात जाईपर्यंत घरी दुखलं तर काय द्यायचं? पॅरासिटामॉल, दर किलोला १५ मिलिग्रॅम, सहा तासांच्या अंतराने, दिवसात चारदाच. इथे बाटलीवरचं लेबल वाचावं: ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचं आणि २५० मिलिग्रॅमचं, अशी दोन्ही सिरपं दुकानात मिळतात. १५ किलोच्या मुलाला पहिलं सुमारे ९ मिलिलिटर लागतं, दुसरं साडेचार. शेजारणीने सांगितलेल्या चमच्यावर जाऊ नये. आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारून, खाल्ल्यावर. डेंग्यूची शंका असेल तर नकोच. अ‍ॅस्पिरिन मुलांना नको. बारा वर्षांखालील मुलांसाठी निमेसुलाइडवर भारतात २०११ पासून बंदी आहे, घरात जुनी बाटली पडली असेल तर टाकून द्यावी. दाढेत मिश्री दाबायची सवय आपल्याकडे अजून आहे. ती तंबाखू आहे, लेकराच्या तोंडात ती जाता कामा नये. लवंगेच्या तेलाने कोवळी हिरडी भाजते. आणि उरलेल्या अँटिबायोटिकने नसेचं दुखणं थांबत नाही. ते पसरणाऱ्या सुजेसाठी आणि तापासाठी असतं.

सुई देऊन काम झालं की मूल घरी येतं ते जड ओठ घेऊन. ओठ, गाल, जीभ दोन-तीन तास बधिर राहतात. ही नवी गंमत वाटून ते ओठ चावायला लागतं, आणि दुखत नसल्याने रक्त येईपर्यंत चावतं. म्हणून बधिरता जाईपर्यंत खाणं नको, गरम तांबडा-पांढरा रस्सा तर नकोच. गार दूध किंवा ताक पेल्याने द्यावं. झोपू देऊ नये, समोर बसवून गोष्ट सांगावी, मधूनमधून ओठ बघावा. तरीही चावलाच, तर दुसऱ्या दिवशी ओठ सुजून त्यावर पिवळट-पांढरा थर येतो. तो पू नसतो, भरत आलेल्या जखमेची ती साय असते. कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या, ओठाला थोडं व्हॅसलीन, आठवडाभर तिखट बंद. सूज तिसऱ्या दिवसानंतरही वाढत राहिली किंवा ताप आला, तर डॉक्टरांना फोन करावा.